जामीन राहणारा पुरस्कार

पेढीवरच्या जुन्या माणसांना मालमत्तेचे दोन प्रकार ठाऊक असत. एक फिरती मालमत्ता, जी रोज हातातून जाते आणि रोज परत येते. दुसरी पडून असलेली. ती तिजोरीत राहते, तिची किंमत वर्षागणिक वाढते, परंतु घराबाहेरच्या कोणालाही तिचा उपयोग होत नाही. दुर्मिळ टपाल तिकिटांचा संग्रह हा या दुसऱ्या प्रकारातला. बोटाएवढ्या कागदाच्या तुकड्यासाठी जाणकार ग्राहक मोठी रक्कम मोजतो, तो तुकडा अल्बममध्ये जपून ठेवतो, आणि पुढे त्याचे काहीच होत नाही. १९८० साली एका तिकीट-व्यापाऱ्याने अशी पडून असलेली मालमत्ता विकली. त्या पैशातून स्वीडनमध्ये जी धर्मादाय संस्था उभी राहिली, तिने तेव्हापासून जगातील जवळपास दोनशे व्यक्ती व संस्थांच्या मागे आपले नाव उभे केले आहे. ‘राइट लाइव्हलीहूड’ हे त्या संस्थेचे आणि तिच्या पुरस्काराचे नाव. वर्तमानपत्रांनी त्याला ‘पर्यायी नोबेल’ असे म्हटले आणि तेच नाव लोकांच्या तोंडी बसले.

याकोब फॉन उक्सक्यूल हे या संस्थेचे संस्थापक. त्यांचा जन्म १९४४ साली स्वीडनमधील उप्साला येथे झाला. त्यांच्याच नावाचे त्यांचे आजोबा प्रख्यात जीवशास्त्रज्ञ होते. ऑक्सफर्ड येथे शिक्षण झाल्यावर उक्सक्यूल यांनी टपाल तिकिटांच्या व्यापारात जम बसवला. या व्यवसायात देशोदेशींचा संबंध येतो. राजवटी बदलल्या की तिकिटे बदलतात, आणि कोणत्या देशात काय चालले आहे यावर व्यापाऱ्याला नजर ठेवावी लागते. अशी नजर ठेवणाऱ्या उक्सक्यूल यांच्या मनात एक प्रश्न घर करून राहिला. जगातील सर्वांत प्रतिष्ठित पुरस्कार जे नोबेल, त्यांमध्ये भौतिकशास्त्र आहे, रसायनशास्त्र आहे, साहित्य आहे. परंतु पर्यावरणाचा ऱ्हास आणि जगातील बहुसंख्य गरीब जनतेचे प्रश्न यांवर काम करणाऱ्यांसाठी त्यांत स्वतंत्र जागा नाही.

त्यांनी नोबेल प्रतिष्ठानकडे एक प्रस्ताव नेला. या दोन विषयांसाठी दोन नवे पुरस्कार सुरू करावेत आणि त्यांच्या खर्चासाठी आपण स्वतः निधी देऊ, असा तो प्रस्ताव होता. अशा वाढीचे एक उदाहरण समोर होतेच. स्वीडनच्या मध्यवर्ती बँकेने, म्हणजे १६६८ साली स्थापन झालेल्या रिक्सबँकेने, आपल्या त्रिशताब्दीनिमित्त १९६८ साली अर्थशास्त्राच्या पुरस्काराची स्थापना केली होती आणि १९६९ पासून तो नोबेल पुरस्कारांच्या बरोबरीने दिला जात होता. बँकेच्या निधीतून एक नवा पुरस्कार सुरू होऊ शकतो, तर एका व्यापाऱ्याच्या निधीतून का होऊ नये, असे कोणालाही वाटेल. परंतु यापुढे नवे पुरस्कार जोडायचे नाहीत अशी नोबेल प्रतिष्ठानची भूमिका होती. प्रस्ताव नाकारला गेला.

नकार मिळाल्यावर बहुतेक माणसे आपली रक्कम परत खिशात ठेवतात आणि प्रयत्न केल्याचे समाधान मानतात. उक्सक्यूल यांनी आपला तिकीट-संग्रह विकला. त्यातून सुमारे दहा लाख डॉलर उभे राहिले आणि तेवढ्या भांडवलावर स्वतंत्र संस्था स्थापन झाली. १९८० साली स्टॉकहोममध्ये भाड्याच्या सभागृहात पहिला पुरस्कार समारंभ झाला. इजिप्तचे वास्तुविशारद हसन फाथी आणि अमेरिकेतील ‘प्लेंटी इंटरनॅशनल’ ही मदतकार्य करणारी संस्था हे पहिले मानकरी होते. फाथी यांनी गरिबांच्या घरांसाठी कच्च्या विटांचे परंपरागत बांधकाम पुन्हा प्रतिष्ठेला आणले होते. पुढे पाच वर्षांतच, १९८५ पासून, हा समारंभ स्वीडनच्या संसदभवनात होऊ लागला आणि अनेक वर्षे तेथेच होत राहिला. संस्थापकाने पुरस्काराला स्वतःचे नाव दिले नाही, ही गोष्टही नोंद घेण्याजोगी आहे.

नाव दिले ते ‘राइट लाइव्हलीहूड’, म्हणजे ‘सम्यक् आजीविका’. बौद्ध परंपरेतील अष्टांगिक मार्गाचे हे एक अंग आहे. आपली उपजीविका इतरांच्या दुःखावर उभी नसावी, हा त्याचा गाभा. शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार उपासकाने करू नये, असे त्या परंपरेत सांगितले आहे. श्रावकासाठी वर्ज्य मानलेल्या पंधरा कर्मादानांची यादी ज्यांनी लहानपणी पाठ केली आहे, त्यांना ही भाषा परकी वाटणार नाही. पैसा किती मिळवला यापूर्वी तो कशातून मिळवला हे विचारण्याची सवय या देशातील व्यापारी घरांना जुनी आहे. स्वीडनमधील एका तिकीट-व्यापाऱ्याला आपल्या पुरस्काराचे नाव शोधताना नेमकी हीच कल्पना आपलीशी वाटावी, याचे म्हणून कौतुक वाटते.

या पुरस्काराची कार्यपद्धती साधी असली तरी तिच्यामागे विचार आहे. नोबेल शांतता पुरस्कारासाठी नाव सुचवण्याचा अधिकार मंत्री, संसद सदस्य, विशिष्ट विषयांचे प्राध्यापक, पूर्वीचे मानकरी अशा ठरावीक लोकांनाच असतो. ‘राइट लाइव्हलीहूड’साठी जगातील कोणीही कोणाचेही नाव सुचवू शकतो, फक्त स्वतःचे नाव सुचवता येत नाही. विषयांचे कप्पे केलेले नाहीत. आलेल्या नावांची संस्था स्वतः चौकशी करते आणि त्यानंतर वेगवेगळ्या देशांतील परीक्षकांचे मंडळ निर्णय घेते. मिळणारी रक्कम मानकऱ्याच्या खासगी उपयोगासाठी नसून त्याच्या चालू कार्यासाठी असते. ज्यांना पैशाची गरज नाही परंतु ज्यांच्या कामाची दखल घेणे आवश्यक वाटते, अशांना काही वर्षी रकमेविना मानद पुरस्कारही दिले गेले. मूळ भांडवलात पुढे अनेक व्यक्तिगत देणगीदारांनी भर घातली.

येथे एक प्रश्न उभा राहतो आणि व्यवहारी माणसाने तो विचारलाच पाहिजे. लोकशाही आणि सहिष्णुता यांसारख्या गोष्टी पुरस्कारांनी वाढतात काय? शाळा बांधली तर वर्ग मोजता येतात, रुग्णालय बांधले तर खाटा मोजता येतात. पुरस्काराच्या खर्चासमोर कोणती नोंद लिहायची?

याचे उत्तर बँकेच्या जामीनपत्रात सापडते. नवा कर्जदार बँकेत येतो तेव्हा त्याच्याकडे हुशारी असते, उद्योग असतो, परंतु पत नसते. मग गावातील नाव असलेला कोणी जामीन राहतो. जामीनदार आपल्या खिशातून काही देत नाही. तो आपली पत दुसऱ्याच्या नावामागे उभी करतो. ‘या माणसाला मी ओळखतो’ एवढाच त्या सहीचा अर्थ असतो आणि तेवढ्यावर दार उघडते. उत्तम पुरस्कार हे काम करतो. स्वतःच्या देशात ज्याला वेडा, उपद्रवी किंवा देशविरोधी ठरवले जाते, त्याच्या मागे दूरच्या एका संस्थेची सही पडते. रक्कम खर्च होऊन जाते, परंतु सहीचे मोल पुढेही उरते. मात्र जामीनदाराला जोखीम असते आणि ती या संस्थेलाही चुकलेली नाही.

१९८४ सालचे उदाहरण पाहावे. त्या वर्षीच्या मानकऱ्यांत अहमदाबादच्या इला भट्ट आणि त्यांची ‘सेवा’ ही संघटना होती. १९७२ साली स्थापन झालेल्या या संघटनेत फेरीवाल्या, भाजीविक्रेत्या, विडी वळणाऱ्या, डोक्यावर ओझे वाहणाऱ्या स्त्रिया एकत्र आल्या. सावकाराच्या व्याजातून सुटण्यासाठी १९७४ साली सुमारे चार हजार स्त्रियांनी प्रत्येकी दहा रुपये भाग भांडवल घालून स्वतःची सहकारी बँक काढली. सही करता न येणाऱ्या खातेदारांची ओळख पटावी म्हणून त्या बँकेने छायाचित्राचा उपयोग केला. ज्या स्त्रियांना इतर बँकांच्या पायऱ्या चढण्याची भीती वाटे, त्या येथे मालक होत्या आणि आपल्या संचालकांना स्वतः निवडून देत होत्या. लोकशाहीचा अर्थ त्यांना दहा रुपयांच्या भागातून कळला.

त्याच वर्षी केनियाच्या वंगारी मथाई यांनाही हा पुरस्कार मिळाला. १९७७ पासून त्या ग्रामीण स्त्रियांकडून झाडे लावून घेत होत्या. वरकरणी हे निरुपद्रवी काम होते. परंतु झाड लावायला जमीन लागते, आणि सार्वजनिक जमीन कोणाच्या घशात जात आहे हा प्रश्न त्यातून आपोआप उभा राहतो. १९८९ साली नैरोबीच्या उहुरू उद्यानात साठ मजली इमारत उभी करण्याची सरकारी योजना जाहीर झाली, तेव्हा मथाई यांनी तिला विरोध केला आणि सत्ताधाऱ्यांची टिंगल व रोष ओढवून घेतला. ती योजना पुढे सोडून द्यावी लागली. १९९२ साली राजकीय कैद्यांच्या मातांनी त्याच उद्यानात उपोषण केले. मथाई त्यांच्यासोबत होत्या. पोलिसांच्या मारहाणीत त्या बेशुद्ध पडल्या. २००२ साली त्या संसदेवर निवडून आल्या आणि २००४ साली त्यांना नोबेल शांतता पुरस्कार मिळाला. ‘पर्यायी’ म्हणून हिणवल्या गेलेल्या पुरस्काराने त्यांचे नाव वीस वर्षे आधी ओळखले होते. मोठ्या बँकेने दिलेले कर्ज सर्वांना दिसते. पहिला जामीन कोण राहिला होता, हे क्वचितच कोणी विचारते.

सहिष्णुतेच्या दृष्टीने भारताशी संबंधित सर्वांत बोलका निर्णय २००४ सालचा. त्या वर्षी स्वामी अग्निवेश आणि डॉ. असगर अली इंजिनीयर यांना संयुक्तपणे पुरस्कार देण्यात आला. एक आर्य समाजाचे संन्यासी, तर दुसरे दाऊदी बोहरा समाजात जन्मलेले इस्लामचे अभ्यासक. भारतात आणि दक्षिण आशियातील देशांमध्ये सहजीवन व परस्पर सामंजस्य यांसाठी त्यांनी केलेल्या कार्याचा हा सन्मान होता. अग्निवेश यांनी १९८१ साली ‘बंधुआ मुक्ती मोर्चा’ स्थापन केला. फरिदाबाद परिसरातील दगडखाणींतील वेठबिगारांचे प्रकरण या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात नेले आणि वेठबिगारीच्या प्रश्नावर तो निकाल मार्गदर्शक ठरला.

असगर अली इंजिनीयर यांचे जीवन मुंबईकरांना अधिक जवळचे वाटेल. राजस्थानातील सलुंबर येथे १९३९ साली त्यांचा जन्म झाला. स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेऊन त्यांनी सुमारे वीस वर्षे मुंबई महानगरपालिकेत नोकरी केली. १९६१ सालच्या जबलपूर येथील दंगलीने त्यांना अस्वस्थ केले आणि दंगली का होतात याचा शोध हा त्यांच्या आयुष्याचा विषय झाला. दंगलग्रस्त गावी जाऊन ते दोन्ही बाजूंच्या लोकांशी बोलत, अफवा कोठून उठली, दुकाने कोणाची जळली, त्या जागेवर पुढे कोण आले, याची माहिती गोळा करीत. व्यापारी वाचकाला या चौकशीचे महत्त्व सांगावे लागणार नाही. दंगलीची किंमत सर्वांत आधी बाजारपेठ मोजते, आणि दोन समाजांतील उधारीचा विश्वास एकदा तुटला की तो पुन्हा जुळायला पिढ्या जातात. १९९३ साली, मुंबईतील दंगलींनंतर, त्यांनी समाज आणि धर्मनिरपेक्षता यांच्या अभ्यासासाठी मुंबईत एक केंद्र स्थापन केले. २०१३ साली मुंबईतच त्यांचे निधन झाले.

इंजिनीयर यांनी आपल्याच समाजातील सुधारणेच्या प्रश्नावरही भूमिका घेतली, आणि त्यासाठी त्यांना दुरावा व हल्ले दोन्ही सोसावे लागले. ती भूमिका बरोबर की चूक, हा त्या समाजाचा विषय आहे. परंतु समाजाबाहेर पडलेल्या माणसाची स्थिती काय होते, हे व्यापारी घरांना चांगले कळते. ज्या घरांची सोयरीक, उधारी, भागीदारी आणि अंत्ययात्रेचे खांदेकरी हे सर्व एकाच समाजातून येतात, त्या घरांत मतभेद उघडपणे मांडण्याची किंमत फार मोठी असते. महाराष्ट्र विधिमंडळाने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र विधेयक मंजूर केले, यावरूनच या प्रश्नाची व्याप्ती लक्षात येते. परधर्मीयाशी सहिष्णु असणे तुलनेने सोपे, कारण तो रात्री आपापल्या घरी जातो. आपल्याच पंगतीत बसलेल्या वेगळ्या मताच्या माणसाचे ताट न उचलणे, ही सहिष्णुतेची खरी परीक्षा होय.

येथे वाचकांपैकी कित्येकांच्या मनात एक आक्षेप आला असेल. हा पुरस्कार १९९१ साली बाबा आमटे, मेधा पाटकर आणि नर्मदा बचाव आंदोलन यांनाही मिळाला आहे. १९९० साली बाबा आमटे आपले आनंदवन सोडून मध्य प्रदेशात नर्मदाकाठी कसरावद येथे जाऊन राहिले होते. सरदार सरोवर प्रकल्पासाठी जागतिक बँकेने १९८५ साली ४५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले होते. विस्थापितांच्या प्रश्नावर बँकेनेच नेमलेल्या स्वतंत्र समितीने प्रतिकूल अहवाल दिला आणि १९९३ साली भारताने त्या कर्जाची उर्वरित रक्कम न घेण्याचे ठरवले. पुढे २००० साली सर्वोच्च न्यायालयाने धरणाच्या बांधकामाला अटींसह परवानगी दिली. आज सौराष्ट्र आणि कच्छमधील ज्या गावांत नर्मदेचे पाणी पोहोचले, तेथे नातेसंबंध असलेल्या वाचकांना हा पुरस्कार चुकीचा वाटणे स्वाभाविक आहे. आणि ज्या आदिवासी कुटुंबांची शेते पाण्याखाली गेली, त्यांना तोच पुरस्कार आपले म्हणणे कोणीतरी ऐकल्याची एकमेव खूण वाटली असेल.

दोन्ही भावना एकाच वेळी खऱ्या असू शकतात. पुरस्कार हा न्यायालयाचा निकाल नसतो. मानकऱ्याचे प्रत्येक मत बरोबर आहे असेही तो म्हणत नाही. ज्याच्या हाती सत्ता, पैसा किंवा संख्याबळ नाही, त्याचेही म्हणणे नोंदवहीत चढावे, एवढा त्याचा आग्रह असतो. लोकशाहीत धरण बांधण्याचा निर्णय बहुमताने होऊ शकतो. परंतु बुडणाऱ्याचा आवाज नोंदवल्याशिवाय झालेला निर्णय अपुरा राहतो. या संस्थेच्या मानकऱ्यांपैकी काहींशी मतभेद असूनही तिच्या कार्याचा आदर करता येतो, आणि तसे करता येणे हेच तिच्या उद्दिष्टाचे यश मानावे लागेल.

जामीन कधी बुडतोही. नायजेरियाचे लेखक केन सारो-विवा यांनी तेलाच्या उत्पादनामुळे उद्ध्वस्त होत असलेल्या ओगोनी प्रदेशातील आपल्या लोकांसाठी अहिंसक चळवळ उभारली होती. १९९४ च्या मे महिन्यात लष्करी राजवटीने त्यांना अटक केली. त्याच वर्षी त्यांना आणि त्यांच्या संघटनेला हा पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा ते तुरुंगात होते. जगभरातून विनंत्या झाल्या. तरीही १० नोव्हेंबर १९९५ रोजी त्यांना आठ सहकाऱ्यांसह फाशी देण्यात आली. दुसऱ्याच दिवशी राष्ट्रकुल परिषदेने नायजेरियाचे सदस्यत्व स्थगित केले. परंतु तोवर नऊ माणसे गेली होती. पुरस्काराची सही त्यांना वाचवू शकली नाही.

रशियातील ‘मेमोरियल’ या संस्थेची कथा याहून वेगळी नाही. स्टालिनच्या काळात छळाला बळी पडलेल्या असंख्य सामान्य माणसांची नावे व कागदपत्रे गोळा करून जतन करणे हे तिचे काम. २००४ साली, अग्निवेश आणि इंजिनीयर यांच्याबरोबरच, ‘मेमोरियल’लाही हा पुरस्कार मिळाला होता. डिसेंबर २०२१ मध्ये रशियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ही संस्था विसर्जित करण्याचा आदेश दिला. पुढच्याच वर्षी तिला नोबेल शांतता पुरस्काराचा वाटा मिळाला. बंद केलेल्या संस्थेला जगातील दोन मोठ्या पुरस्कारांची साथ असूनही तिच्या दाराचे कुलूप उघडले नाही.

मग या खर्चासमोर काय लिहायचे? केवळ यशाची गणना केली तर हिशेब तोट्याचा निघेल. परंतु ताळेबंदात बुडीत कर्जाची नोंद प्रामाणिकपणे करणारी बँकच विश्वासार्ह ठरते, आणि बुडीत खाते एकही नाही असे सांगणाऱ्या बँकेने गरजूला कधी कर्जच दिले नसावे असा संशय येतो. ज्याचा विजय निश्चित आहे अशालाच हार घालणारा पुरस्कार कधी चुकत नाही, आणि त्याचा कोणाला उपयोगही होत नाही. सारो-विवा यांचे प्राण वाचले नाहीत; परंतु त्यांना गुन्हेगार म्हणून विस्मृतीत ढकलण्याचा राजवटीचा हेतूही सफल झाला नाही. ओगोनी लोकांच्या तक्रारीची नोंद जगाच्या वहीत राहिली. ‘मेमोरियल’ने गोळा केलेली नावे आता पुसता येणार नाहीत. ‘राइट लाइव्हलीहूड’ संस्थाही पुरस्कार देऊन मोकळी होत नाही. संयुक्त राष्ट्रसंघाच्या मानवाधिकार यंत्रणेपर्यंत मानकऱ्यांचा आवाज पोहोचावा यासाठी तिचे जिनिव्हा येथे कार्यालय आहे, आणि ज्या मानकऱ्यांवर संकट येते त्यांच्यासाठी ती पाठपुरावा करीत राहते. जामीनदाराचे काम सही करून संपत नाही, हे तिने ओळखले आहे.

महाराष्ट्रात व्यापारी कुटुंबांचे न्यास गावोगावी आहेत. धर्मशाळा, पाणपोया, वसतिगृहे, दवाखाने यांची परंपरा उज्ज्वल आहे, आणि दरवर्षी गुणगौरव समारंभही होतात. बहुधा त्या समारंभात जास्तीत जास्त गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्यांचा सत्कार होतो, व्यासपीठावर देणगीदारांची रांग बसते, शाल-श्रीफळ दिले जाते आणि भोजनोत्तर सर्व घरी जातात. यात वाईट काहीच नाही. परंतु ज्याचा सत्कार झाला त्याला त्या सत्काराची खरोखर गरज होती काय, हा प्रश्न विश्वस्तांच्या सभेत एकदा तरी विचारला जावा.

समजा, एखाद्या न्यासाने आपल्या वार्षिक उत्पन्नातील लहानसा भाग निराळ्या सन्मानासाठी बाजूला काढला. तणावाच्या दिवसांत बाजारपेठेतील दोन समाजांची दुकाने एकमेकांना धरून उघडी ठेवणारा दुकानदार, भ्रष्ट निविदेवर सही न करणारा पालिकेचा कारकून, ग्रामसभेत एकटीने उभी राहून हिशेब मागणारी सदस्य, यांपैकी कोणाचे तरी नाव त्यासाठी येऊ शकेल. नाव सुचवण्याचा अधिकार हमालापासून मुख्याध्यापकापर्यंत सर्वांना असावा. विश्वस्तांनी स्वतः जाऊन चौकशी करावी. रक्कम कामासाठी द्यावी, आणि ते काम पूर्ण झाल्यावर देण्याऐवजी अडलेले असताना द्यावी. देणगीदाराचे नाव फलकावर लहान अक्षरात असावे किंवा नसावेच. आणि सत्कारानंतर त्या माणसावर प्रसंग आला, तर विश्वस्तांपैकी दोघांनी तरी त्याच्यासोबत कचेरीत जाऊन बसावे. या शेवटच्या अटीला पैसा लागत नाही, परंतु सर्वांत अवघड तीच आहे. कारण तिथे देणगीदाराची स्वतःची पत पणाला लागते.

उक्सक्यूल यांनी विकलेली तिकिटे आज कोणाच्या तरी अल्बममध्ये सुरक्षित असतील आणि त्यांची किंमतही वाढली असेल. ती विकणाऱ्याला त्या वाढीतून काही मिळाले नाही. अनेक व्यापारी कुटुंबांत असा एखादा अल्बम असतो. कधी तो चांदीच्या भांड्यांचा असतो, कधी न वापरलेल्या भूखंडाचा, कधी केवळ चांगल्या नावाचा. येत्या दिवाळीत वहीपूजन झाल्यावर नव्या वहीच्या पहिल्या पानावर लाभ-शुभ लिहिले जाईल. त्याच दिवशी विश्वस्तांच्या सभेत एक ओळ अधिक लिहिता येईल : या वर्षी आपण कोणासाठी जामीन राहणार?